शांत करायचंय ना? मग आधी गप्प बसा

मनगटावर थरथर होते आणि घड्याळ सांगतं, ‘तुमचा ताण वाढलाय.’ ज्याचा ताण वाढलाय त्याला ते आधीच ठाऊक असतं. ज्याचा वाढलेला नसतो, त्याचा हे वाचून वाढतो. स्मार्टवॉचवर मन शांत करणारी ॲप्स बनवणं हे माझं काम आहे, आणि ही सूचना लिहिणाऱ्या प्रत्येक डिझायनरला माझं सांगणं आहे की ती आजच काढून टाका.

घड्याळाला कळतं तरी किती? पाठीवरचा हिरवा दिवा कातडीत उजेड सोडतो, परतणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, त्यावरून ताणाचा आकडा निघतो. पण जिना चढलात, कडक चहा घेतलात, लेकीचा दहावीचा निकाल ऐकलात तरी नाडी पळतेच. धास्ती कुठली आणि आनंद कुठला, हे त्या दिव्याला सांगता येत नाही. हे माहीत असूनही त्या आकड्याला लाल रंग देणं ही लबाडी आहे.

त्याहून वाईट ती सलग किती दिवस ॲप वापरलं हे मोजणारी साखळी. बाप आयसीयूत असलेल्या माणसाला ‘तुमची साखळी तुटली’ असं कळवणारं ॲप निर्दय आहे. तरी ती ठेवतात, कारण मीटिंगमध्ये विचारलं एवढंच जातं की लोक ॲप दिवसातून किती वेळा उघडतात. शांत झालेला माणूस ते उघडत नाही, आणि धंद्याला नेमकं तेच खुपतं.

१९९५ साली झेरॉक्सच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रात मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी ‘शांत तंत्रज्ञान’ मांडलं. त्यांनी उदाहरण दिलं ते नताली जेरेमिजेंको या कलावतीच्या, छताला टांगलेल्या आठ फुटी प्लास्टिकच्या दोरीचं. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरगरायची, नसली की जेमतेम हलायची. वाटलं तर बघा, नाहीतर आपलं काम करा. तीस वर्षांनी आम्ही मात्र माणसाच्या मनगटाला धरून हिसके देतोय.

चांगलं ॲप बनवणं अवघड नाही. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, सोडताना थोडा लांब. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. ताल मनगटावरच्या हलक्या थापेने द्यावा, म्हणजे डोळे मिटता येतात. पडदा काळा ठेवावा. माणसाने बोलावल्याशिवाय येऊ नये. नाडीची नोंद घड्याळाबाहेर जाऊ देऊ नये. तीन मिनिटं झाली की आपोआप बंद व्हावं, आणि ‘कसं वाटलं?’ म्हणत पाच तारे मागू नयेत.