प्राध्यापकांना डिजिटल साधनं मिळाली, पण ती शिकायला तास कुठे आहे?

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने एक मोठा निर्णय घेतला. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायच्या. कागदांचे गठ्ठे इकडून तिकडे न्यायला नकोत, गुणांची बेरीज आपोआप होणार, फेरफाराला वाव कमी. कल्पना वाईट नव्हती. पण निर्णय आला तो परीक्षांचा हंगाम सुरू असताना, आणि उत्तरपत्रिका होत्या सुमारे १७ लाख.

पुढे काय झालं ते त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना आजही आठवत असेल. स्कॅनिंग रखडलं, लॉगिन चालेनात, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. वर्षानुवर्षं लाल पेनाने पेपर तपासणाऱ्या प्राध्यापकांना नवी पद्धत घाईघाईत दाखवण्यात आली आणि लगेच कामाला बसवण्यात आलं. कायद्यानुसार निकाल ४५ दिवसांच्या आत लागायला हवेत. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. तपासणीसाठी काही दिवस वर्ग बंद ठेवावे लागले. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. पडद्यावर पेपर तपासण्याची पद्धत विद्यापीठाने त्यानंतर सोडली नाही, ती सुरूच राहिली. म्हणजे साधनात खोट नव्हती. ते वापरणाऱ्या माणसांची तयारी करून घ्यायला जो वेळ लागतो, तो कुणी हिशेबात धरला नव्हता.

ही गोष्ट आता जुनी झाली. पण त्यानंतर ऑनलाइन वर्ग आले, श्रेयांक आले, स्वयंवरचे कोर्स आले, आता एआय आलं, आणि दर वेळी प्रश्न तोच उभा राहतोय.

प्रशिक्षण होतच नाही का?

होतं की. उलट भारतात विद्यापीठीय शिक्षकांच्या प्रशिक्षणाची यंत्रणा बरीच जुनी आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने ‘अॅकॅडमिक स्टाफ कॉलेज’ सुरू केली. पुढे त्यांची ‘ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर’ झाली. ५ सप्टेंबर २०२३ ला, शिक्षक दिनी, केंद्र सरकारने ‘मालवीय मिशन’ जाहीर केलं आणि १११ केंद्रांमधून उच्च शिक्षणातल्या १५ लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. या कार्यक्रमाचे आठ विषय आहेत. भारतीय ज्ञान परंपरा, संशोधन, कौशल्य विकास, प्रशासन वगैरे. माहिती-तंत्रज्ञान हा त्या आठांतला एक.

त्याशिवाय कॉलेजं, विद्यापीठं आणि संस्था स्वतःचे एफडीपी, म्हणजे ‘फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम’, भरवतात ते वेगळेच. लॉकडाऊनच्या काळात तर त्यांचा पूर आला होता. प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज चार-चार लिंक यायच्या. फॉर्म भरा, यूट्यूबवर पाच व्याख्यानं ऐका, शेवटी प्रश्नमंजुषा सोडवा, प्रमाणपत्र ई-मेलवर हजर.

हे असं का झालं, याचं उत्तर प्राध्यापकांच्या बढतीच्या नियमांत आहे.

पाच दिवसांचं कोडं

कॉलेजातल्या शिक्षकाला वरची वेतनश्रेणी मिळते ती ‘कॅस’ नावाच्या योजनेतून. यूजीसीच्या जुलै २०१८ च्या नियमावलीनुसार पहिल्या टप्प्यावर २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो. त्याच्या जोडीला रिफ्रेशर कोर्स, किंवा किमान एका आठवड्याची, म्हणजे पाच दिवसांची, एखादी कार्यशाळा किंवा एफडीपी, किंवा प्रमाणपत्रासह पूर्ण केलेला ऑनलाइन कोर्स चालतो.

बहुतेक एफडीपी बरोबर पाच किंवा सात दिवसांचेच का असतात, हे आता लक्षात येईल. विषय कोणता आणि तो शिकायला किती दिवस लागतात, याचा त्या मुदतीशी संबंध असेलच असं नाही. नियमात जेवढे दिवस मोजले जातात, तेवढे दिवस कोर्स चालतो.

यात प्राध्यापकांना दोष देणं सोपं आहे, पण फारसं बरोबर नाही. ज्याची पगारवाढ प्रमाणपत्रावर अडली आहे, तो प्रमाणपत्र मिळवणारच. प्रश्न असा आहे की त्या प्रमाणपत्रासाठी त्याने काय करून दाखवायचं? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, हजेरी आणि प्रश्नमंजुषा. स्वतःच्या विषयाचा एक धडा ऑनलाइन रचून, तो खऱ्या वर्गात चालवून, विद्यार्थ्यांना तो कळला की नाही हे पाहून परत येण्याची अट क्वचितच असते.

असं काही आपल्याकडे कधी झालंच नाही, असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने केंद्राच्या पैशातून ‘टीटेनकेटी’ नावाचा उपक्रम चालला. नाव लांबलचक वाटलं तरी अर्थ साधा, दहा हजार शिक्षकांना शिकवणं. देशभरातली इंजिनीअरिंग कॉलेजं दूरस्थ केंद्रं म्हणून जोडली होती. आधी त्या केंद्रांचे समन्वयक आयआयटीत येऊन शिकून जायचे. मग मुख्य कार्यशाळेत शिक्षक आपल्या जवळच्या केंद्रात जमायचे, व्याख्यान मुंबईहून थेट दिसायचं आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी अडलं तर शेजारी उभा राहून सांगणारा माणूस तिथेच असायचा. याच संस्थेतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे तयार केले. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर, बघत बघत करायचं. हे धडे मराठीतही आहेत. छोट्या गावातल्या कॉलेजात इंग्रजी कार्यशाळेत मान डोलावून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे.

या दोन्हींत एक साम्य दिसतं. शिकणाऱ्याचा हात मशीनवर होता, आणि अडल्यावर पुढे कसं जायचं याची काही ना काही तजवीज होती.

आठवड्याच्या तासांचा हिशेब

आता समजा, एखादी सहायक प्राध्यापक खरोखर मनापासून शिकून आली. पुढे काय?

नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचं काम आठवड्याला किमान ४० तासांचं. त्यातले १६ तास सहायक प्राध्यापकाने प्रत्यक्ष शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांनी १४ तास. उरलेल्या वेळात व्याख्यानांची तयारी, संशोधन, पेपर काढणं, तपासणं, प्रवेश समिती, एनएसएस, नॅकच्या फायली. शिवाय विद्यार्थ्यांची माहिती निरनिराळ्या पोर्टलवर भरणं. हे शेवटचं काम गेल्या काही वर्षांत एवढं वाढलंय की अनेक कॉलेजांत ‘डिजिटल काम’ म्हटलं की शिकवणं डोळ्यांसमोर येतच नाही, पोर्टल येतं.

एक चांगला ऑनलाइन कोर्स बनवणं म्हणजे काय, तेही पाहू. स्वयंच्या पद्धतीत त्याचे चार भाग असतात. व्हिडिओ व्याख्यानं, वाचनासाठी खास तयार केलेलं साहित्य, स्वतःची परीक्षा घेण्यासाठी चाचण्या आणि चर्चेची जागा. व्हिडिओचा भाग दिसतो म्हणून त्याचं कौतुक होतं. खरी मेहनत असते चाचण्यांत. विद्यार्थी कुठे चुकेल याचा अंदाज बांधून प्रश्न काढायचे, चूक केली तर त्याला काय सांगायचं ते लिहायचं. चर्चेच्या जागेवर तर कुणीतरी सतत उत्तरं द्यावी लागतात, नाहीतर ती आठवड्यात ओस पडते.

२०१८ च्या नियमावलीत संपूर्ण कोर्सचं ई-साहित्य बनवण्याला १२ गुण आहेत. बढतीच्या वेळी ते मोजले जातात. पण गुण म्हणजे तास नव्हे. कोर्स बनवणाऱ्याचं या सत्रातलं एक व्याख्यान कमी होईल, असं त्या गुणांमुळे घडत नाही. मग हे काम होतं रात्री, रविवारी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. किंवा होत नाही.

इकडे अपेक्षा मात्र वाढत गेल्या. २०२१ पासून विद्यार्थ्याला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून घेण्याची मुभा विद्यापीठं देऊ शकतात. त्याच वर्षी यूजीसीने मिश्र पद्धतीच्या अध्यापनाचा मसुदा मांडला, त्यातही ४० टक्के ऑनलाइन आणि बाकी वर्गात, असा विचार होता. महाराष्ट्रात नव्या धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही आला.

ज्यांना सुट्टीचाही पगार नाही

सगळ्यात अवघड गाठ इथे आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांचा मोठा हिस्सा ‘सीएचबी’ आहे, म्हणजे तासिका तत्त्वावर काम करणारा. यूजीसीचे नियम सांगतात की कंत्राटी शिक्षक एकूण संख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत. कायम पदांची भरती वर्षानुवर्षं रखडल्यावर हा नियम कागदावर कुठे राहतो, हे कुठल्याही ग्रामीण कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाऊन पाहता येईल. तिथे आठ खुर्च्या असतील तर कायम माणूस कोणत्या खुर्चीवर बसतो, ते शिपाईही सांगेल.

या शिक्षकाला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये, असा दर सांगितला होता. महाराष्ट्रात तासिकेचे दर त्याहून कमी आहेत. दर कितीही असो, तो वर्गात उभं राहिलेल्या तासाचा आहे. व्हिडिओ बनवला, ऑनलाइन चाचणी रचली, रात्री विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं दिली, याची नोंद कुठल्याच बिलात होत नाही. तीन दिवस कार्यशाळेला गेलं तर उलट त्या तीन दिवसांच्या तासिका बुडतात.

यूजीसीच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान तीन शैक्षणिक सत्रं शिकवलेल्या तात्पुरत्या शिक्षकांनाही ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्सला बसता येत असे. म्हणजे दार बंद नव्हतं. पण कॅसची वेतनश्रेणी ज्याला लागूच नाही, दर वर्षी ज्याला नव्याने मुलाखत द्यावी लागते, त्याने रोज बुडवून या दारातून आत का जावं? आणि गेला, शिकला, तरी पुढच्या वर्षी तो त्याच कॉलेजात असेल याची खात्री नाही. शिकवलेलं ज्ञान त्याच्याबरोबर निघून जातं.

फुकट मिळालेलं किती दिवस टिकतं?

लॉकडाऊनमध्ये बहुतेक कॉलेजं गूगल मीट, क्लासरूम आणि झूमवर उभी राहिली. दुसरा इलाज नव्हता. एप्रिल २०२० मध्ये गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचा इशारा दिला तेव्हा अनेकांनी धावपळ करत मंच बदलला. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं की शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद साठवण बंद होणार आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेला सगळ्यांत मिळून १०० टीबी जागा राहणार. एका कॉलेजला हे पुष्कळ वाटेल. हजारो विद्यार्थ्यांना ई-मेल खाती दिलेल्या आणि दोन वर्षांची व्याख्यानं ड्राइव्हवर ठेवलेल्या विद्यापीठाला ते तसं वाटलं नाही. कुठली व्याख्यानं ठेवायची, कुठली पुसायची, हे ठरवायला बसलेल्या प्राध्यापकाला त्या वेळी विचारायला माणूस कोण होता? बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर विभागातला एखादा उत्साही सहकारी, आपलं काम सांभाळून.

ब्रिटनच्या विद्यापीठांत या कामासाठी वेगळं पद असतं. प्राध्यापकाला विषय माहीत असतो, या माणसाला साधन आणि ते वापरून कसं शिकवायचं ते माहीत असतं, दोघं मिळून कोर्स रचतात. आपल्या कॉलेजांच्या मंजूर पदांच्या यादीत ग्रंथपाल आहे, शारीरिक शिक्षण संचालक आहे, प्रयोगशाळा सहायक आहे. हे पद नाही.

खरेदीला मात्र पैसे मिळतात. संशोधन नियतकालिकं सगळ्या सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली करणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. योजना उपयोगाची आहे, त्यात वाद नाही. नॅकची टीम येण्याआधी कॉलेजात स्मार्ट बोर्ड बसतात, तेही वाया गेले असं म्हणता येणार नाही. पण बोर्डाचा फोटो काढता येतो आणि त्याचं बिल जोडता येतं. एका प्राध्यापकाचे आठवड्यातले दोन तास मोकळे केले, याचा फोटो कसा काढणार?

आता एआय दारात आहे

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्याच सत्रापासून असाइनमेंट अचानक निर्दोष इंग्रजीत येऊ लागल्या. पकडायचं कसं? ओपनएआयने स्वतः काढलेलं ओळख पटवणारं साधन अचूकता कमी असल्याचं सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्यामुळे सॉफ्टवेअरने चोर पकडून देईल या भरवशावर राहता येत नाही. असाइनमेंटच बदलावी लागते. वर्गात लिहायला लावणं, तोंडी विचारणं, गावातली खरी माहिती गोळा करायला लावणं. हे सगळं शक्य आहे, पण १२० मुलांच्या वर्गात तोंडी परीक्षा घ्यायला प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी दहा तास लागतात. ते दहा तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला कुणी देणार का, याचं उत्तर कॉलेजने, विद्यापीठाने आणि राज्य सरकारने मिळून द्यायचं आहे.

एआयवरच्या कार्यशाळांचीही आता लाट आली आहे. बहुतेक पाच दिवसांच्या. शैक्षणिक वर्ष सुरू होतं जूनमध्ये. तासिका तत्त्वावरच्या नेमणुका बऱ्याच कॉलेजांत त्यानंतर होतात, आणि तोवर सुरुवातीची कार्यशाळा उरकलेली असते.