कॅमेऱ्याच्या खिडकीतून : पुलावरून पुलाचा फोटो



पुलाचा चांगला फोटो कुठून काढावा? पुलावर उभं राहून? छे! पुलावर उभं राहिलं की पूलच दिसत नाही. पुलाचा फोटो काढायचा तो शेजारच्या पुलावरून. पटत नाही? मग चला आज इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. तिथली माणसं आपल्या गावाला 'फिरेन्झे' म्हणतात. गावातून आर्नो नदी वाहते आणि तिच्यावर एकामागून एक पूल आहेत.

सकाळची वेळ. आपण उभे आहोत 'पोन्ते वेक्कियो'वर. पोन्ते म्हणजे पूल आणि वेक्कियो म्हणजे जुना. किती जुना? तर १३४५ सालचा! पुलावर दोन्ही अंगांना दुकानं. पूर्वी इथे खाटीक बसत. १५९३ साली त्यांना हलवून सोनारांना जागा दिली. सोन्याची दुकानं अजून तिथेच आहेत.

सगळे पर्यटक दुकानांचे फोटो काढण्यात दंग आहेत. तुम्ही मात्र पुलाच्या मध्यावर या. इथे दुकानांची रांग तुटते आणि नदी दिसते. सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडे पाहा. तीन पसरट, डौलदार कमानींचा एक पूल उन्हात उजळलेला दिसेल. त्याचं नाव 'सान्ता त्रिनिता'. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ अम्मानाती यांनी तो बांधला. काढा फोटो!

काढलात? आता गंमत ऐका. हा पूल मध्यंतरी नव्हताच!

दुसरं महायुद्ध चालू होतं. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून इथले पूल सुरुंग लावून उडवले. वाचला एकटा पोन्ते वेक्कियो. सान्ता त्रिनिताचे दगड नदीत कोसळले.

युद्ध संपल्यावर ठरलं, की पूल होता तसाच पुन्हा बांधायचा. पण 'होता तसा' म्हणजे नेमका कसा? त्याच्या कमानी काही अर्धवर्तुळ नव्हत्या, की घेतला कंपास आणि काढलं! मग रिकार्दो जिझ्दुलिच या वास्तुतज्ज्ञांनी जुने दगड तपासले आणि जुने फोटो बारकाईने पाहून मोजमापांचे नकाशे तयार केले.

हे फोटो आले कुठून? १८५२ साली याच शहरात लिओपोल्दो अलिनारी यांनी छायाचित्रांची पेढी काढली. त्यांचे भाऊही त्यात होते. पूल, चर्च, पुतळे यांचे रेखीव फोटो काढणं हे या पेढीचं काम. फोटो काढताना, हा पूल एक दिवस पडणार आहे, असं कुणाच्या स्वप्नातही नसेल. पण फोटो सरळ आणि स्पष्ट होते, म्हणून ते कामी आले. नदीतून काढलेले जुने दगड आणि खाणीतले नवे दगड वापरून १९५८ साली पूल पुन्हा उभा राहिला.

त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. 'वसंत' ऋतूच्या पुतळ्याचं डोकं मात्र सापडेना. शेवटी १९६१ साली ते नदीच्या तळाशी गाळात मिळालं! जवळ जाऊन मानेचा फोटो घ्या. जोड शोधून पाहा.

आता नदीच्या कडेकडेने पश्चिमेला चला. चांगली तंगडतोड आहे बरं का! कास्चिने नावाच्या बागेच्या टोकाला एक छत्री दिसेल आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली इंग्लंडहून परतताना इथेच त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. आर्नोच्या काठी त्यांना अग्नी दिला आणि १८७४ साली हे स्मारक झालं. जवळच १९७८ सालचा पूल आहे. त्याचं नाव 'पोन्ते अल्लिन्दियानो', म्हणजे 'हिंदी माणसाजवळचा पूल'!

इथला फोटो काढलात, तर खाली दोन ओळी लिहायला विसरू नका. नाहीतर पाहणारा विचारेल, "हा कोण?" आणि फोटो मुका बसेल.

या आठवड्याचा गृहपाठ : आपल्या गावातला एक जुना पूल, वाडा, वेस किंवा विहीर निवडा. चार फोटो काढा. एक लांबून, सबंध वास्तूचा. एक अगदी समोरून, तिरका नको. एक शेजारी ताईला किंवा दादाला उभं करून, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. आणि एक जवळून, कोरीव कामाचा. फोटो मोबाइलमध्ये असले तरी जागा, तारीख आणि कुठे उभं राहून काढला, हे वहीत लिहून ठेवा. ती वास्तू उद्या ढासळली, तर कुणीतरी तुमची वही मागत येईल.

आणि हो, फोटोसाठी कठड्यावर चढायचं नाही हं!