सरासरीत हरवलेली घरे

उत्पन्नाची सरासरी काढली की गरीब माणूस कागदावर श्रीमंत होतो. एका गल्लीत दहा घरे आहेत असे समजू. नऊ घरांत महिन्याला प्रत्येकी १५ हजार रुपये येतात, दहावे घर बिल्डरचे, तिथे १० लाख येतात. सरासरी निघते १ लाख १३ हजार ५००. एवढे उत्पन्न त्या गल्लीत एकाचेही नाही. उलट सगळी घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा पाहिला, तर तो १५ हजारच येतो. शाळेच्या गणितात याला मध्यक म्हणतात. गरिबीची चर्चा करताना मला हाच आकडा प्रामाणिक वाटतो.

पण हा मध्यक छोट्या प्रदेशासाठी काढायचा कसा? अमेरिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर आपण समजून घ्यावे असे आहे.

तिथे राज्याखालचा घटक म्हणजे काउंटी. अशा सुमारे ३,१४० काउंट्या आहेत. लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास एक कोटी लोक राहतात, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत फक्त ६४ माणसे होती. तिथला जनगणना विभाग दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर पाहणी करतो. तरीही एका वर्षाच्या पाहणीचे आकडे ६५ हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या भागांसाठीच प्रसिद्ध होतात. बहुसंख्य काउंट्या या मर्यादेच्या खाली आहेत. तिथे मोजकीच घरे पाहणीत येतात आणि दोन-चार घरांच्या उत्तरांनी आकडा कुठल्या कुठे जातो.

म्हणून छोट्या क्षेत्रांच्या उत्पन्नाचा आणि दारिद्र्याचा अंदाज बांधणारा एक स्वतंत्र कार्यक्रम तिथे चालतो. पाहणीचा आकडा एका बाजूला ठेवतात. दुसऱ्या बाजूला प्राप्तिकराची विवरणपत्रे, सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या, आधीच्या गणनांची माहिती ठेवतात. या गोष्टींचा उत्पन्नाशी काय संबंध आहे, हे सगळ्या काउंट्यांवरून शिकून घेतात. मग दोन्हींचा मेळ घालतात. जिथे पाहणी भक्कम तिथे तिला जास्त वजन, जिथे ती तोकडी तिथे या शिकलेल्या संबंधाला जास्त वजन. फे आणि हेरियट या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली ही वाट आहे.

कुणी म्हणेल, हा तर अंदाजच झाला. अंदाजच आहे, आणि तो तसा सांगूनच दिला जातो. प्रत्येक आकड्यासोबत खालची आणि वरची मर्यादा छापलेली असते. शिवाय अंदाज नको म्हटले तर हाती काय उरते? पाच वर्षांच्या पाहण्या एकत्र करून काढलेला शिळा आकडा. याच कार्यक्रमातल्या गरीब मुलांच्या आकड्यांवरून तिथल्या शाळांना केंद्राचा ‘टायटल वन’ निधी वाटला जातो. आकडा शिळा असेल तर नव्याने गरीब झालेल्या वस्तीतल्या मुलाचा वाटा दुसरीकडे जातो. अर्थात काउंटीचा मध्यक तिच्यातल्या दोन मोहल्ल्यांमधला फरक दाखवत नाही, ही त्याची मर्यादा आहेच.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न प्रसिद्ध होते. ती जिल्ह्यातल्या एकूण उत्पादनाला लोकसंख्येने भागून काढलेली सरासरी आहे, कुणाच्या घरात काय येते याचा हिशेब नव्हे. २००६ च्या सच्चर समितीलाही मुस्लिमांची आर्थिक स्थिती मांडताना मुख्यतः खर्चाच्या पाहणीचा आधार घ्यावा लागला. त्यानंतरची आपली चर्चा एकीकडे ‘लांगूलचालन’ आणि दुसरीकडे ‘अन्याय’ या दोन शब्दांत अडकून पडली. दोन्ही बाजूंच्या हातात जिल्ह्याचा ताजा आकडा नाही. वसतिगृह कुठे हवे, शिष्यवृत्ती किती हवी, हे मग आमदाराच्या वजनावर ठरते. यात मुस्लिमांइतकाच दलित, भटके आणि कोरडवाहू शेतकरी यांचाही तोटा आहे.

अमेरिकेचे सूत्र उचलून इथे चिकटवता येणार नाही. मालेगावचा यंत्रमाग कामगार प्राप्तिकराचे विवरणपत्र भरत नाही. पण त्याचे रेशनकार्ड आहे, विजेचे बिल आहे. गावात रोजगार हमीचे हजेरीपट आहेत. नोंदी आहेत, त्या नाव-पत्ता झाकून एकत्र आणण्याची इच्छा हवी.

घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी करण्याचे केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केले. तिचे निकाल येतील तेव्हा आपण एकच मागणी लावून धरावी: प्रत्येक जिल्ह्याचा मध्यक द्या, त्याच्या चुकीची मर्यादा सांगा आणि तो काढण्याची रीत सगळ्यांसमोर ठेवा. आकडा आपल्याला गैरसोयीचा निघाला तरी तो मान्य करण्याची तयारी मात्र आपलीही हवी.