स्विंग सुधारायचा, पण कंबर राखून

खेळताना झालेली दुखापत घेऊन दवाखान्यात येणारा रुग्ण पूर्वी बहुधा विशीतला असे. कोणाचे बोट क्रिकेटच्या चेंडूने सुजलेले, कोणाचा गुडघा कबड्डीत मुरगळलेला. गेल्या काही वर्षांत या रांगेत पन्नाशी-साठीची मंडळीही दिसू लागली आहेत आणि त्यांपैकी काही जण गोल्फ खेळणारे असतात. हा खेळ आपल्याकडे नवा नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे. पुण्यात येरवड्याचे मैदानही जुनेच. नवे आहे ते एवढेच, की आयुष्यभर टेबलाशी बसून काम केलेली माणसे उतारवयाच्या तोंडाशी हातात क्लब धरू लागली आहेत.

वैद्यक म्हणून मला याचा आनंदच आहे. अठरा होलची फेरी पायी पूर्ण केली, की सहा ते आठ किलोमीटरांचे चालणे होते. मोकळी हवा मिळते, मित्र मिळतात. अडचण उद्भवते ती खेळण्यातून कमी आणि खेळ सुधारण्याच्या घाईतून अधिक. आजचा लेख या घाईविषयी आहे.

गोल्फची काठी, म्हणजे क्लब, मागे-वर नेऊन वेगाने चेंडूवर आणायची आणि पुढे पूर्ण वळायचे, या संपूर्ण हालचालीला स्विंग म्हणतात. नवशिक्याचा बहुतेक वेळ हा स्विंग सुधारण्यात जातो आणि बहुतेक दुखणीही तेथेच जन्म घेतात.

‘यांना हा खेळ सोडायला सांगा’

साठीचे एक गृहस्थ पत्नीसह तपासणीसाठी आले. निवृत्तीनंतर त्यांनी गोल्फ सुरू केले होते. उजव्या बाजूची कंबर दोन महिन्यांपासून दुखत होती; सकाळी उठताना मोजे घालणेही कठीण झाले होते. बाईंचे म्हणणे स्पष्ट होते : “डॉक्टर, यांना हा खेळ सोडायला सांगा.” गृहस्थ म्हणाले, “शुगर आटोक्यात आली ती या चालण्यामुळेच. खेळ सोडला, तर मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसेन.” दोघांचेही खरे होते, म्हणून मी सराव कसा करता, असे विचारले.

उत्तर असे मिळाले : रोज संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन तासाभरात दीडशे चेंडू मारायचे, तेही बहुतेक सर्वांत लांब क्लबने. चेंडू उजवीकडे वळत जातो, ज्याला स्लाइस म्हणतात, तो दोष घालवायचा होता. शिक्षक नव्हता. मोबाइलवर दर आठवड्याला एक नवा उपाय पाहायचा आणि तो दीडशे वेळा करून बघायचा, असा क्रम होता.

येथे थोडा हिशेब मांडू. साधारण खेळाडू अठरा होलमध्ये शंभराच्या आसपास फटके मारतो. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक फटके केवळ चेंडू हलकेच होलकडे ढकलण्याचे असतात. आखूड अंतराचे अर्धे फटके वजा केले, तर पूर्ण ताकदीचे स्विंग चाळीस-पन्नासच उरतात. तेही चार तासांत विभागलेले. दर दोन स्विंगमध्ये चार-पाच मिनिटांचे चालणे असते. आमचे हे गृहस्थ तीन फेऱ्यांइतके पूर्ण स्विंग रोज एका तासात, एकाच जागी उभे राहून उरकत होते. कमरेने तक्रार केली नसती, तरच नवल.

पीळ नेमका कोठे पडतो

स्विंग करताना ‘कंबर वळवा’ असे सर्रास सांगितले जाते. शरीररचनेच्या दृष्टीने हे वाक्य फसवे आहे. कमरेच्या पाच मणक्यांची रचना पुढे-मागे वाकण्यासाठी सोयीची आहे, पीळ घेण्यासाठी नाही. ते पाचही मणके मिळून एका बाजूला दहा-पंधरा अंशांहून फारसे वळत नाहीत. खरे वळण मिळते ते दोन ठिकाणी : छातीमागच्या मणक्यांत आणि खुब्याच्या सांध्यांत. ही दोन्ही ठिकाणे वर्षानुवर्षांच्या बैठ्या कामाने आखडलेली असतील, तर उरलेले वळण शरीर कमरेकडून वसूल करते. पूर्ण स्विंगमध्ये कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सात-आठ पटींपर्यंत दाब येतो, असे मोजमापांतून दिसून आले आहे. पीळ आणि दाब एकाच क्षणी, आणि तेही दीडशे वेळा, हे चकतीला व लहान सांध्यांना सोसवणारे नाही.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्विंग संपतो, तेव्हा सारे शरीर डाव्या पायावर वळते. त्या वेळी डावा खुबा आतल्या बाजूस फिरावा लागतो. पाठदुखी असलेल्या गोल्फपटूंमध्ये पुढच्या पायाच्या खुब्याचे हे आतले वळण कमी असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. आपण मांडी घालून बसणारी माणसे. आपले खुबे चांगले मोकळे असणार, असे वाटते. परंतु मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूस फिरतो. आतल्या वळणाचा सराव त्यातून होत नाही.

ही तपासणी घरी करता येते. खुर्चीवर ताठ बसावे, गुडघे एकमेकांना लावून ठेवावेत आणि एकेक पाऊल बाहेरच्या बाजूस जाईल तितके न्यावे. पाऊल बाहेर जाते, तेव्हा खुबा आत फिरत असतो. दोन्ही बाजूंत ठळक फरक दिसला, किंवा पाऊल जेमतेम हलले, तर स्विंगच्या आधी खुब्यावर काम करायला हवे. आमच्या गृहस्थांचा डावा खुबा असाच अडकलेला होता. नस दबल्याची कोणतीही खूण मात्र नव्हती.

त्यांना खेळ सोडायला सांगितले नाही. तीन आठवडे पूर्ण स्विंग बंद. चालणे आणि पटिंग चालू. फिजिओथेरपिस्टकडून खुब्याचे व पाठीचे व्यायाम. आणि त्यानंतर शिक्षकाकडे रीतसर धडे, असे ठरले. चार महिन्यांनी ते रक्तदाब तपासायला आले, तेव्हा कंबर शांत होती. स्लाइस पूर्ण गेला नव्हता, पण कमी झाला होता.

चेंडूंच्या संख्येने स्विंग का सुधारत नाही

क्लब वरून खाली येऊन चेंडूला लागेपर्यंत सुमारे पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी काही पाहून हाताने प्रतिसाद द्यायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. याचा अर्थ असा, की क्लब खाली यायला लागल्यावर त्यात दुरुस्ती करणे शक्यच नसते. हालचालीचा आराखडा मेंदूत आधीच तयार असावा लागतो. सराव म्हणजे हा आराखडा हळूहळू बदलणे. लहान मेंदू आणि त्याच्याशी जोडलेली केंद्रे हे काम करतात. त्यांना त्यासाठी स्पष्ट सूचना, मधली विश्रांती आणि रात्रीची झोप लागते. थकलेल्या शरीराने मारलेला शंभरावा चेंडू जुनाच दोष अधिक पक्का करतो.

लहान मुले केवळ पाहून शिकतात. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. २०१६ आणि २०१७ साली हीच स्पर्धा जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील कोलकात्यात गोल्फच्या मैदानाची देखभाल करीत. खेळ त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होता. पन्नाशीनंतर शिकणाऱ्याला ती सोय नसते. त्याच्या शरीरात इतर सवयी मुरलेल्या असतात आणि आपण नेमके काय करतो आहोत, हे त्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून शिक्षक आवश्यक.

स्लाइसचेच उदाहरण घ्या. फटक्याच्या क्षणी क्लबचा चेहरा स्विंगच्या दिशेच्या मानाने उजवीकडे उघडा राहिला, की चेंडू उजवीकडे वळतो. नवशिका काय करतो, तर आणखी डावीकडे नेम धरतो. त्यामुळे क्लब बाहेरून आत असा अधिकच तिरका येतो आणि चेंडू अधिक वळतो. मग तो अधिक जोर लावतो. पुष्कळदा मूळ दोष केवळ क्लब धरण्याच्या पद्धतीत असतो. शिक्षकाला तो दोन मिनिटांत दिसतो. एकट्याला दोन वर्षे दिसत नाही.

धडे घेताना

पहिल्याच दिवशी शिक्षकाला आपली प्रकृती मोकळेपणाने सांगावी. जुनी चकतीची तक्रार, गुडघ्याची शस्त्रक्रिया, रक्तदाब, खांद्याची आखडण, काहीही लपवू नये. चांगला शिक्षक स्विंग शरीराला जुळवून घेतो. पुढचे पाऊल वीस-तीस अंश बाहेर वळवून उभे राहिले, की खुब्याला कमी फिरावे लागते. क्लब मागे नेताना पुढच्या पायाची टाच किंचित उचलू दिली, की ओटीपोटाचा भागही सोबत वळतो आणि कमरेचा पीळ हलका होतो. तरुण व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती पाहून ओटीपोट स्थिर ठेवण्याचा आणि खांदे पूर्ण वळवण्याचा अट्टहास साठीच्या माणसाने करू नये. टायगर वुड्स यांनी २०१७ साली कमरेचे मणके सांधण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१९ साली मास्टर्स जिंकली, हे उदाहरण मित्रमंडळी हमखास पुढे करतात. त्यामागे असामान्य शरीर, अनेक तज्ज्ञ आणि पूर्ण वेळ होता, हेही त्यांना सांगावे.

एका वेळी एकच शिक्षक आणि एका धड्यात एकच सुधारणा, हा नियम पाळावा. आधी पकड, उभे राहण्याची रीत आणि चेंडूची जागा; स्विंग त्यानंतर. नवी सवय लागताना पहिले काही दिवस खेळ बिघडतो, हे गृहीत धरावे. याच दिवसांत माणसे धीर सोडून पुन्हा मोबाइलवरील उपायांकडे वळतात.

सराव कसा करावा

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पुरेसे आहेत. कोपर आणि मनगट यांच्या स्नायूंची टोके हाडाला जेथे चिकटतात, त्या जागांना सावरायला मधला दिवस लागतो. अन्यथा कोपराचे दुखणे मागे लागते आणि ते महिनोन्‌महिने हटत नाही.

प्रत्येक वेळी आरंभी दहा मिनिटे अंग मोकळे करावे : भरभर चालणे, खांदे फिरवणे, मार्जारासन, कुशीवर पडून वरचा हात मागे उघडणे, आणि शेवटी चेंडूविना सावकाश काही स्विंग. त्यानंतर चाळीस ते पन्नास चेंडू. पहिले दहा-पंधरा आखूड क्लबने, अर्ध्या स्विंगने. पुढचे वीस शिकलेल्या एका गोष्टीसाठी. उरलेले मात्र दर वेळी क्लब आणि लक्ष्य बदलून, मैदानावर मारावे लागतात तसे. एकच फटका ओळीने मारला, की त्या दिवशी तो सुधारल्यासारखा वाटतो. बदलत मारलेला सराव त्या दिवशी अडखळतो, पण आठवड्यानंतर टिकलेला दिसतो. हालचाली शिकण्याच्या शास्त्रातील हा १९७० च्या दशकापासून अभ्यासला गेलेला अनुभव आहे. दोन चेंडूंमध्ये अर्धा-पाऊण मिनिट थांबावे, मागे येऊन नव्याने उभे राहावे.

मन कोठे ठेवावे, यालाही महत्त्व आहे. ‘माझा डावा हात सरळ आहे का’ असा विचार करण्यापेक्षा क्लबच्या टोकाची चाल किंवा चेंडू जेथे पडावा ती जागा मनात धरल्यास हालचाल अधिक सहज होते, असे प्रयोगांत दिसले आहे.

उरलेल्या दिवशी घरी दहा मिनिटे पुरतात : खुब्याचे व्यायाम, सेतुबंधासन, एका पायावर तोल सांभाळणे आणि सतरंजीवर पटिंग. चेंडूविना सावकाश स्विंगही करता येतो. मात्र छताचा पंखा आणि नातवंडे यांपासून पुरेसे अंतर राखावे.

थांबावे केव्हा

सरावानंतर स्नायू थोडे दुखणे आणि दोन दिवसांत बरे होणे, हे स्वाभाविक आहे. कंबरदुखी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, रात्री झोपेतून उठवू लागली, पायात कळ किंवा मुंग्या येऊ लागल्या, सोबत ताप आला किंवा विनाकारण वजन घटू लागले, तर तपासून घ्यावे. पायातील शक्ती कमी झाली, जांघेत बधिरता आली किंवा लघवी-शौचावरील ताबा बिघडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खेळताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम जाणवल्यास फेरी पूर्ण करण्याचा मोह धरू नये. तत्काळ रुग्णालयात जावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चार तासांच्या फेरीत खाण्याचा जिन्नस व साखर खिशात ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय तपासावेत. उन्हाळ्यात दहाच्या आत मैदान सोडावे. आणि हो, कितीतरी कंबरा मैदानावर नव्हे, तर गाडीच्या डिकीतून जड बॅग वाकून उचलताना धरतात. गुडघे वाकवून, बॅग अंगाशी घेऊन उचलावी, किंवा सरळ मदत मागावी.

पन्नाशीनंतर नवी हालचाल शिकता येते. त्यासाठी मेंदूचे दार बंद झालेले नसते. फक्त शरीर पूर्वीसारखी उधारी देत नाही. म्हणून या महिन्यात एवढेच करून पाहा : चेंडूंची संख्या निम्म्यावर आणा, एक शिक्षक निश्चित करा आणि रोज दहा मिनिटे खुब्यांना द्या. फटका किती लांब गेला, याची वही सगळेच ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना कंबर कशी होती, याचीही नोंद त्याच वहीत करीत जा.