मलंगगड आणि आपले मौन

‘ते त्या दोघांचे भांडण आहे. आपण मूठभर माणसे, आपण त्यात कशाला पडावे?’ मलंगगडाचा विषय निघाला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आपल्या कॅथलिक घरांतून हे उत्तर हमखास ऐकू येते. त्यामागची भीती आम्ही जाणतो. अल्पसंख्य समाजाने जपून बोलावे, हेही आम्हांला मान्य आहे. परंतु जपून बोलणे आणि मुळीच न बोलणे यांत अंतर आहे, आणि या मौनाला शहाणपण म्हणण्यास आमची तयारी नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अंबरनाथ तालुक्यातील या डोंगरावर हाजी अब्दुर रहमान ऊर्फ हाजी मलंग यांची समाधी आहे. ते येमेनहून आले, असे परंपरा सांगते. १८८२ सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या स्थानाची हकीकत नोंदलेली आहे. १७८० साली गडावर आलेले इंग्रज १७८२ साली निघून गेले, ते बाबांच्याच प्रतापाने, अशी लोकांची श्रद्धा झाली. मराठ्यांकडून कृतज्ञतेची भेट घेऊन कल्याणचे काशिनाथपंत केतकर हे ब्राह्मण गृहस्थ वर गेले आणि त्यांनी समाधीची डागडुजी केली. पुढे १८१७ साली, ब्राह्मणाच्या हाती व्यवस्था नको, म्हणून मुसलमानांनी तक्रार केली. तेव्हा बाबांची इच्छा जाणून घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि तिन्ही वेळा कौल काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीला मिळाला. आजही तेथील वंशपरंपरागत विश्वस्तपद केतकर घराण्याकडे आहे. उरूस भरतो तो हिंदू पंचांगातील माघी पौर्णिमेला. हे प्रकरण १९५०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा न्यायालयाने हे स्थान संमिश्र स्वरूपाचे असल्याचे मानले. त्यास निव्वळ हिंदू किंवा मुस्लिम कायदा लागू होत नाही, त्याच्या स्वतःच्या रूढी किंवा विश्वस्तनिधीचा सर्वसाधारण कायदाच लागू होतो, असा त्याचा आशय होता.

१९८०च्या दशकात आनंद दिघे यांनी ही जागा मच्छिंद्रनाथांच्या मंदिराची असल्याचा दावा करीत आंदोलन उभारले. १९९६ साली तेथे झालेल्या पूजेस राज्याचे मुख्यमंत्रीही उपस्थित राहिले. जानेवारी २०२४मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडाच्या मुक्तीचे ते कार्य पुरे करण्याचा मनोदय जाहीरपणे व्यक्त केला. आमचा आक्षेप ‘मुक्ती’ या शब्दाला आहे. नाथपंथीयांची श्रद्धा खरी आहे, तिचा अवमान आम्ही करणार नाही. पण त्या डोंगरावर हिंदू भाविकाला कुणी मज्जाव केलेला नाही. तो पायऱ्या चढतो, नवस बोलतो, आरती करतो. मग मुक्ती कुणापासून? ज्या ठिकाणी दोघेही गुडघे टेकतात, तेथे मुक्तीचा अर्थ दोघांपैकी एकाला खाली उतरविणे, एवढाच उरतो.

दुर्गाडीची गोष्ट निराळी आहे. तेथे देवीचे मंदिर आहे आणि ईदगाहही आहे. बकरी ईदच्या नमाजाच्या वेळी मंदिराकडे जाणारी वाट अडविली जाते, याचे दुःख भाविकांना होते. ते दुःख खोटे नाही. १९७६ साली मुस्लिम पक्षाने दाखल केलेला मालकीचा दावा कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने १० डिसेंबर २०२४ रोजी मुदतबाह्य ठरवून फेटाळला. वाद न्यायालयात जावा आणि निकाल कायद्याने लागावा, हाच सुसंस्कृत मार्ग होय. तो ज्याला मान्य नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

काही जण म्हणतील, ‘पण इतिहासातल्या अन्यायाचे परिमार्जन नको काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आपल्या साष्टी बेटाचा इतिहास एकदा वाचावा. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली. आज लेण्यात शिवलिंगाची पूजा होते आणि वर पोर्तुगीज वास्तूच्या भिंती भग्नावस्थेत उभ्या आहेत. ठाण्यातच एप्रिल १३२१मध्ये थॉमस तोलेंतिनो आणि त्यांचे तीन सोबती श्रद्धेसाठी मारले गेले. म्हणून आज आपण कुणाच्या अंगणाकडे बोट दाखवून ‘येथे आमचे रक्त सांडले, जागा मोकळी करा’ असे म्हणावे काय? जमीन उकरायला घेतली तर प्रत्येकाच्या पायाखाली दुसऱ्याचा दगड निघेल. मासुंदा तलावाच्या परिसरात कौपिनेश्वराचे मंदिर आणि संत योहान बाप्तिस्ताचे चर्च शेजारधर्माने नांदत आहेत, ते जुने हिशेब मिटले म्हणून नव्हे. ते हिशेब पुन्हा मांडायचे नाहीत, असे लोकांनी ठरविले म्हणून.

हेच शहाणपण १९९१च्या प्रार्थनास्थळविषयक कायद्यात आहे. अयोध्येचा अपवाद सोडता, १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते तेच कायम राहावे, असे तो सांगतो. १२ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नवे दावे नोंदवून घेऊ नयेत, असा अंतरिम आदेश दिला. आपल्या चर्चचा प्रत्येक क्रूसही याच कायद्याच्या छायेत उभा आहे. आज शेजाऱ्याच्या दारातली ही भिंत पडताना आपण गप्प राहिलो, तर उद्या ती आपल्या दारात उभी असेल, अशी आशा कोणत्या तोंडाने धरावी?

स्वार्थाचे कारण मात्र आम्हांला पुरेसे वाटत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्री आठवा. विहिरीपाशी तिने प्रभूला नेमका हाच प्रश्न विचारला होता: उपासनेची खरी जागा कोणती, आमचा डोंगर की तुमचे यरुशलेम? त्या गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी अधिपती योहान हिर्कानस याने उद्ध्वस्त केले होते. म्हणजे तिच्या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळची जखम होती. प्रभू स्वतः यहुदी; तरी त्याने डोंगरावर हक्क सांगितला नाही. पित्याची उपासना आत्म्याने आणि सत्याने व्हावी, एवढेच त्याने तिला शिकविले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे इतर धर्मांतील जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करण्यास आणि मुस्लिम बांधवांशी जुने वैर विसरून समजुतीने वागण्यास सांगितले. हे दस्तऐवज केवळ सेमिनरीच्या कपाटासाठी लिहिलेले नाहीत.

आपण मोर्चे काढावेत, असे आम्ही सुचवीत नाही. मात्र माघी पौर्णिमेच्या आधी मोबाईलवर जे विषारी संदेश फिरतात, ते पुढे पाठविण्याचे आपण थांबवावे. सोसायटीच्या सभेत, लोकलच्या डब्यात कुणी मुक्तीची भाषा केली, तर केतकरांची आणि तीन चिठ्ठ्यांची हकीकत शांतपणे सांगावी. प्रत्येक धर्मग्रामाच्या पाळकीय समितीने शेजारच्या मंदिराच्या व मशिदीच्या विश्वस्तांशी ओळख ठेवावी आणि ती तणावाच्या दिवसाआधी करून ठेवावी. मुलांना एकदा त्या डोंगरावर न्यावे आणि एका ब्राह्मण घराण्याने एका मुस्लिम संताचा दिवा पिढ्यान्‌पिढ्या कसा सांभाळला, ते त्यांना तेथेच सांगावे.