नको असलेला वारसा

८ मे १९६१. लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीत, हाऊस ऑफ कॉमन्सच्या दारापाशी ३६ वर्षांचा एक तरुण येऊन उभा राहिला. चारच दिवसांपूर्वी ब्रिस्टल आग्नेय मतदारसंघातून तो पोटनिवडणूक जिंकला होता. त्याला २३,२७५ मते पडली होती, प्रतिस्पर्ध्याला अवघी १०,२३१. तरीही दारावरच्या रक्षकाने त्याला आत जाऊ दिले नाही. सभापतींचा हुकूमच तसा होता.

त्याचा गुन्हा काय? सहा महिन्यांपूर्वी त्याचे वडील वारले होते, एवढाच!

हा तरुण म्हणजे अँथनी वेजवुड बेन. पुढे सारे जग त्यांना टोनी बेन या सुटसुटीत नावाने ओळखू लागले. वडिलांकडून घर, जमीन किंवा किताब मिळावा म्हणून कोर्टात भांडणारे पुष्कळ भेटतात. वडिलांचा किताब आपल्याला मिळू नये म्हणून भांडणारा विरळाच. टोनी बेन तसे भांडले आणि त्यांच्या हट्टापायी ब्रिटनला आपला कायदा बदलावा लागला.

भारतमंत्र्यांचे घर

टोनी यांचा जन्म ३ एप्रिल १९२५ रोजी लंडनमध्ये झाला. राजकारण घरातच होते. दोन्ही आजोबा पार्लमेंटचे सभासद होते. वडील विल्यम वेजवुड बेन प्रथम उदारमतवादी पक्षात होते, नंतर ते मजूर पक्षात आले. १९२९ ते १९३१ या काळात ते भारतमंत्री होते.

ही दोन वर्षे भारताच्या इतिहासात फार धामधुमीची होती. मिठाचा सत्याग्रह झाला, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात गेले आणि लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. डॉ. आंबेडकर त्या परिषदेला गेले, तेव्हा भारतमंत्र्यांच्या खुर्चीवर टोनी यांचे वडीलच होते. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला पोहोचले, तोवर ते मंत्रिपद गेले होते. पण त्याच मुक्कामात सहा वर्षांच्या टोनीला गांधीजी भेटले. ती भेट टोनी बेन म्हातारपणापर्यंत अभिमानाने सांगत.

आई मार्गारेट धर्मशास्त्राच्या जाणकार होत्या. स्त्रियांनाही धर्मोपदेशक होता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्या मुलांना बायबलमधल्या गोष्टी वाचून दाखवत आणि सांगत की, या साऱ्या गोष्टींत एकीकडे सत्ता हाती असलेले राजे आहेत, तर दुसरीकडे न्यायाची भाषा बोलणारे प्रेषित. आपण नेहमी प्रेषितांच्या बाजूला उभे राहायचे. लहानपणी कानावर पडलेले हे शब्द मुलाने आयुष्यभर जपले.

किताब आला कसा?

बेन घराणे काही पिढीजात सरदारांचे नव्हते. दुसरे महायुद्ध चालू असताना वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, मजूर पक्षाला माणसे हवी होती. म्हणून १९४२ मध्ये टोनी यांच्या वडिलांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट हा किताब देण्यात आला. तो वंशपरंपरेने थोरल्या मुलाकडे जाणार होता. वडिलांनी आधी थोरल्या मुलाला, मायकेलला, विचारले. मायकेलला पुढे धर्मोपदेशक व्हायचे होते. त्याची काही हरकत नव्हती. धाकट्या टोनीला विचारण्याचे कारणच नव्हते.

पण नियतीच्या मनात वेगळेच होते. मायकेल हवाई दलात वैमानिक होता. जून १९४४ मध्ये तो विमान अपघातात ठार झाला. घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. आणि त्या दुःखासोबतच किताबाचा वारसा टोनीच्या वाट्याला आला.

टोनी स्वतःही हवाई दलात वैमानिक होते. युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डचे शिक्षण पुरे करून ते राजकारणात उतरले. नोव्हेंबर १९५० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते ब्रिस्टलमधून कॉमन्सवर निवडून आले. ती जागा सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनी रिकामी केली होती. १९४२ मध्ये ज्यांच्या नावाची योजना भारतात गाजली, तेच हे क्रिप्स.

टोनी लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात रमले. डोक्यावर मात्र टांगती तलवार होती. लॉर्ड असलेल्या माणसाला कॉमन्समध्ये बसता येत नसे, आणि वडील गेले की त्याच क्षणी मुलगा लॉर्ड होई. नको म्हणण्याची सोयच कायद्यात नव्हती. बापलेकांनी आधीच हातपाय हलवून पाहिले. १९५५ मध्ये खुद्द वडिलांनी लॉर्ड्सच्या सभागृहात विधेयक मांडले की, माझ्या मुलाला हा किताब सोडण्याची मुभा द्यावी. उमरावांनी ते फेटाळले.

मतदार विरुद्ध रक्त

१७ नोव्हेंबर १९६० रोजी वडील वारले. पितृशोक आवरतो न आवरतो तोच टोनी यांची कॉमन्समधली जागा गेली. ‘मी लॉर्ड नाही, मला लॉर्ड व्हायचे नाही’, असे त्यांनी परोपरीने सांगितले. कोणी ऐकेना. तेव्हा ते पुन्हा मतदारांकडे गेले. विरोधी हुजूर पक्षाच्या विन्स्टन चर्चिल यांनाही हा अन्याय पटला होता. मुलाला वडिलांचा किताब कायमचा सोडता आला पाहिजे, असे त्यांनी पत्र लिहून कळवले. ब्रिस्टलच्या मतदारांनी तर पहिल्यापेक्षाही भरघोस मताधिक्य दिले.

त्यानंतर जे झाले, ते आज वाचताना खरे वाटत नाही. प्रकरण निवडणूक न्यायालयात गेले. दोन न्यायाधीशांनी निकाल दिला की, बेन अपात्र आहेत हे मतदारांना ठाऊक होते, तेव्हा त्यांना दिलेली मते वाया गेली. जागा हरलेल्या उमेदवाराला मिळाली! आणि गंमत अशी की हे विजयी ठरलेले हुजूर पक्षाचे माल्कम सेंट क्लेअर स्वतःही एका उमराव घराण्याच्या किताबाचे वारस होते. फरक इतकाच की, त्यांचा किताबधारक नातलग अजून हयात होता.

बेन यांना संसार होता, लहान मुले होती. हातची जागा गेली, वर खटल्याच्या खर्चाचा बोजा पडला. लॉर्ड्सच्या सभागृहात जाऊन बसले असते तर मान होता, आराम होता. त्यांच्या पत्नी कॅरोलाईन मूळच्या अमेरिकन. जिथे किताबच नाहीत अशा देशातून आलेल्या या बाईंनी नवऱ्याला एकदाही ‘आता पुरे’ असे म्हटले नाही. ‘लेडी स्टॅन्सगेट’ म्हणून मिरवण्यात त्यांना रस नव्हता.

त्या दोघांच्या लग्नाची कथाही सांगण्यासारखी आहे. १९४८ मध्ये ऑक्सफर्डला ओळख झाली आणि अवघ्या नऊ दिवसांनी टोनी यांनी एका बाकावर बसून त्यांना मागणी घातली. पुढे त्यांनी तो बाक नगरपालिकेकडून विकत घेतला आणि लंडनच्या घराच्या बागेत आणून ठेवला.

एक किताब सुटला, दुसऱ्याचे फावले

लोकमताचा रेटा वाढत गेला. हरलेला माणूस सभागृहात आणि जिंकलेला बाहेर, हे सामान्य माणसालाही खटकत होते. अखेर सरकारने दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली आणि ३१ जुलै १९६३ रोजी उमरावपदाचा नवा कायदा झाला. उमरावपद सोडण्याची मुभा मिळाली. संध्याकाळी सहाच्या सुमारास कायद्यावर राजसंमतीची मोहोर उठली आणि साडेसहाच्या आत टोनी बेन यांनी आपला किताब सोडला. असे करणारे ब्रिटनमधले ते पहिले गृहस्थ.

सेंट क्लेअर यांनीही दिलेला शब्द पाळला. कायदा होताच त्यांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक झाली आणि बेन सन्मानाने कॉमन्समध्ये परतले.

याच वर्षी ब्रिस्टलमध्ये आणखी एक लढा चालू होता. तिथली बस कंपनी गोऱ्यांखेरीज कोणाला ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती. कृष्णवर्णीय तरुणांनी बसवर बहिष्कार पुकारला. बेन यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. चार महिन्यांनी कंपनी नमली आणि सप्टेंबरमध्ये पहिला बिगरगोरा कंडक्टर कामावर रुजू झाला. तो एक शीख होता.

आता नव्या कायद्याची दुसरी गंमत पाहा. किताब सोडण्याची मुभा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून द्यायची, असे सरकारच्या मनात होते. लॉर्ड्सनी दुरुस्ती करून ती ताबडतोब लागू करवली. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांनी आजारपणामुळे राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी कोण आले? चौदावे अर्ल ऑफ होम! त्यांनी याच कायद्याचा आधार घेऊन आपले अर्लपद सोडले आणि सर अ‍ॅलेक डग्लस-होम म्हणून ते कॉमन्सवर निवडून आले. मजूर पक्षाच्या बेननी जे दार उघडले, त्यातून हुजूर पक्षाचा पंतप्रधान आत शिरला.

तिकिटे, विमान आणि वाद

१९६४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि बेन टपालमंत्री झाले. टपाल तिकिटांवर चांगली चित्रे हवीत आणि त्यांवरचा राणीचा मुखवटा काढावा, असे त्यांचे मत. ते नमुने घेऊन थेट राजवाड्यात गेले आणि राणीसमोर गालिच्यावर मांडून बसले. शेवटी मुखवटा राहिला, पण कोपऱ्यातल्या छोट्या छायाकृतीच्या रूपात. तिकिटाचा बाकीचा भाग चित्रांना मिळाला.

पुढे तंत्रज्ञानमंत्री असताना कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाचे काम त्यांच्याकडे होते. ते विमान ब्रिटन आणि फ्रान्स मिळून बांधत होते. नावाच्या शेवटी फ्रेंच पद्धतीने ‘ई’ अक्षर असावे की नसावे, यावर वाद होता. बेननी ‘ई’ ठेवला आणि तो इंग्लंडचा आहे असेही सांगितले. त्यावर स्कॉटलंडच्या एका माणसाने रागाने कळवले की, विमानाचे नाक तर आमच्याकडे बनते! बेन उत्तरले, मग हा ‘ई’ एकॉसचा समजा. एकॉस हे स्कॉटलंडचे फ्रेंच नाव.

बहुतेक पुढारी वय वाढते तसे मवाळ होत जातात. बेन उलट अधिकाधिक जहाल होत गेले. युरोपीय बाजारपेठेतून बाहेर पडावे म्हणून १९७५ च्या सार्वमतात त्यांनी प्रचार केला आणि ते हरले. १९८१ मध्ये मजूर पक्षाच्या उपनेतेपदाची निवडणूक ते एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले. पक्षात उभी फूट पडली होती. त्या फुटीला बेन यांचा हेकटपणाच जबाबदार, असे त्यांच्याच पक्षातले अनेक लोक म्हणत. १९८३ मध्ये ज्या ब्रिस्टलसाठी ते एवढे लढले, त्या ब्रिस्टलनेच त्यांना हरवले. पुढच्या वर्षी ते चेस्टरफील्डमधून पुन्हा निवडून आले. पक्षाचा नेता किंवा पंतप्रधान ते कधीच झाले नाहीत.

पाच प्रश्न

घरी मात्र हा जहाल माणूस अगदी साधा होता. दारूला स्पर्श नाही, शाकाहारी जेवण, तोंडात पाइप आणि हातात चहाचा भला मोठा मग. दिवसभराच्या घडामोडींची रोजनिशी टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता होता. त्या रोजनिशीचे अनेक खंड प्रसिद्ध झाले आहेत.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन १९११ च्या जनगणनेच्या रात्री पार्लमेंटच्या इमारतीत, झाडू ठेवण्याच्या एका कपाटात लपून बसली होती. आपला पत्ता ‘हाऊस ऑफ कॉमन्स’ असा नोंदला जावा म्हणून! त्या कपाटात तिच्या नावाची पाटी बेन यांनी स्वतःच्या हाताने ठोकली. ज्याला स्वतःला एकदा दाराबाहेर ठेवले गेले होते, त्याला तिची आठवण राहिली.

कॅरोलाईन २००० मध्ये कर्करोगाने गेल्या. २००१ मध्ये बेन पार्लमेंटमधून निवृत्त झाले. राजकारणाला अधिक वेळ देता यावा म्हणून पार्लमेंट सोडतो आहे, असे ते हसून सांगत. आणि खरोखरच इराक युद्धाच्या विरोधात ऐंशीच्या घरातला हा म्हातारा सभांमागून सभा घेत फिरला. १४ मार्च २०१४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सत्ता हाती असलेल्या कोणालाही पाच प्रश्न विचारावेत, असे ते सांगत. तुमच्याकडे कोणती सत्ता आहे? ती तुम्हाला कोठून मिळाली? ती तुम्ही कोणाच्या हितासाठी वापरता? तुम्ही कोणाला जबाबदार आहात? आणि तुम्हाला आम्ही हटवू कसे शकतो? वडिलांकडून आलेल्या किताबापाशी यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हते. म्हणून तो त्यांना नको होता.

त्यांनी सोडलेला किताब मात्र संपला नाही. कायद्याप्रमाणे तो सोडणाऱ्याच्या हयातीपुरताच सुटतो. बेन यांच्या पश्चात तो थोरले चिरंजीव स्टीफन यांच्याकडे आला. १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत उमरावांपैकी ९२ सोडून बाकीच्यांच्या जागा रद्द झाल्या होत्या. उरलेल्यांपैकी एका जागेवर २०२१ मध्ये स्टीफन निवडले गेले आणि लॉर्ड्समध्ये दाखल झाले. धाकटे हिलरी बेन यांनी मात्र वडिलांसारखी कॉमन्सची वाट धरली आणि ते मंत्रीही झाले. आपल्याला काय नको, हे टोनी बेन यांनी स्वतःसाठी ठरवले. मुलांचा निर्णय त्यांनी मुलांवरच सोडला. ज्या गोष्टीसाठी ते तीन वर्षे झगडले होते, ती हीच तर होती.