‘पर्मनंट’ कशाला म्हणायचं?

मुलगी बी.ए., बी.कॉम. झाली, की घरात दोनच विषय निघतात. एक स्थळाचा, दुसरा नोकरीचा. आणि नोकरीचं बोलणं सुरू झालं, की मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पर्मनंट आहे का गं?’

आमच्या कॉटन ग्रीन-काळाचौकी भागात तर हा प्रश्न रक्तातच आहे. इथल्या कित्येक घरांत आजोबा गिरणीत, वडीलही गिरणीत. बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात ताटकळायचं, आज काम मिळेल का म्हणून वाट बघायची आणि एक दिवस ‘पर्मनंट’ व्हायचं. तसा झालेल्या मुलाला मुलगी द्यायला कुणी फार विचार करत नसे.

पण पुढे काय झालं? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि नंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पर्मनंटचं पत्र ट्रंकेत राहिलं, नोकरी गेली. आमच्या स्टेशनच्या नावात ‘कॉटन’ आहे, जवळ कापूस बाजाराची जुनी हिरवी इमारतही आहे. पण तो गजबजाट आता कुठे उरलाय?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे स्टार्टअप. सध्या पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींच्या तोंडी हा शब्द सारखा असतो आणि आयांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘कालची कंपनी, उद्या असेल का?’ भीती खोटी नाही. पण ती नीट तपासून घ्यायला हवी.

स्टार्टअप म्हणजे नवी, लहान, पण झपाट्याने वाढायला निघालेली कंपनी. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली. तेव्हापासून देशात दीड लाखाहून जास्त स्टार्टअपना सरकारी मान्यता मिळाली आहे आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. यातल्या बऱ्याच कंपन्या आमच्या घरापासून फार लांब नाहीत. लोअर परळला जिथे भोंगे वाजायचे, तिथेच आता त्यांची ऑफिसं आहेत. फाल्गुनी नायर यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२ मध्ये सौंदर्यप्रसाधनं विकणारी ‘नायका’ सुरू केली. तिचं नोंदणीकृत कार्यालय लोअर परळच्या सन मिल कंपाउंडमध्ये आहे. २०२१ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली.

आपल्या लहान गावांतली उदाहरणंही आहेत. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिकले नाहीत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी पुढे ‘क्विक हील’ ही संगणकाला व्हायरसपासून वाचवणारी कंपनी उभी केली. १९९५ मध्ये स्थापन झालेली ती कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. म्हणजे एकवीस वर्षं लागली! रातोरात काही होत नाही, हेही मुलींना सांगायला हवं.

मग नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीने तिथे का जावं? मोठ्या ऑफिसात पहिली दोन वर्षं एकाच टेबलावर एकच काम करण्यात जाऊ शकतात. लहान कंपनीत तसं चालत नाही. सकाळी ग्राहकाची तक्रार ऐकायची, दुपारी बिलं करायची, संध्याकाळी परत आलेला माल मोजायचा. धंदा कसा चालतो, पैसा कुठून येतो, कुठे गळतो, हे डोळ्यांसमोर दिसतं. मराठी उत्तम बोलणारी-लिहिणारी मुलगी तर तिथे कामाचीच असते, कारण जिल्ह्या-तालुक्यातल्या ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलायला माणूस लागतो. बी.ए. झालेल्या मुलींनी स्वतःला कमी का लेखावं? कंपनी उद्या बंद पडली, तरी शिकलेलं काम मुलीबरोबर येतं. ते कुणी टाळं लावून ठेवू शकत नाही.

आता दुसरी बाजू. गिरणगावात बायका कामगारांच्या खानावळी चालवायच्या. सावकाराच्या कचाट्यातून त्यांना सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पण संपात कामगारांचे पगार थांबले, तशी खानावळींनाही झळ बसली. पैसा जिथून येतो तिथे अडला, की खालचं सगळंच अडतं. पुष्कळ स्टार्टअपचंही असंच आहे. पगार धंद्याच्या नफ्यातून नव्हे, गुंतवणूकदारांच्या पैशातून होतात. ‘बायजूज’चंच बघा. २०२२ मध्ये तिचं मूल्य २२ अब्ज डॉलर सांगितलं जायचं. २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि त्याच जुलैत कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

म्हणून मैत्रिणींनो, ‘पर्मनंट आहे का?’ हा एकच प्रश्न विचारून थांबू नका. आणखी चार विचारा.

पहिला, पगार कशातून होतो? गिऱ्हाइकांच्या पैशातून की गुंतवणुकीतून? आणि आधीच्या लोकांना तो वेळेवर मिळतो का? तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून विचारावं, लाजू नये.

दुसरा, फंड कापतात का? वीस किंवा जास्त माणसं असतील तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. त्याहून लहान कंपनी असेल, तर मुलीने पोस्टात किंवा बँकेत स्वतःचं पीपीएफ खातं उघडावं. वर्षाला ५०० रुपयांपासून ते चालू ठेवता येतं.

तिसरा, पगाराऐवजी शेअरचं आमिष दाखवतात का? हे शेअर नावावर व्हायला निदान एक वर्ष जावं लागतं आणि कंपनी चालली तरच त्यांना किंमत. शेअरच्या कागदावर घरभाडं भरता येत नाही.

चौथा, दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का? त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय, हेही त्याच दमात विचारावं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. धोका पत्करणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. काळाचौकीतली मुलगी संध्याकाळी आईच्या हातचं जेवते. बार्शी किंवा चिपळूणहून आलेल्या मुलीला खोलीचं भाडं, डबा, लोकलचा पास असं सगळं पगारातूनच भागवायचं असतं. एक पगार चुकला की गाडी घसरते. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांची फी तिच्यावर असेल, तर ठरलेल्या पगाराची नोकरीच बरी. त्यात कमीपणा काही नाही. पण घर वर्ष-दोन वर्षं सावरून धरू शकत असेल, तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर तिला जाऊ द्या.

आणखी एक. मुलगा नव्या कंपनीत गेला तर आपण म्हणतो, ‘हिंमत आहे त्याच्यात.’ मुलगी गेली तर म्हणतो, ‘लग्नाचं बघताना काय सांगायचं?’ हा फरक आपणच करतो. तीन महिन्यांचा खर्च जसा मुलासाठी बाजूला काढला असता, तसाच तिच्यासाठीही काढायला हवा. पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘पर्मनंट आहे का गं?’ तर सांगता आलं पाहिजे, नोकरीचं माहीत नाही, पण ती जे शिकतेय ते पर्मनंट आहे!